एलपीची एक बाजू : प्रोग्रेसिव्ह रॉक आणि आपलं लांब ऐकणं

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्या म्हाताऱ्याने रॉक संगीतावर बोलावं हे काहींना विचित्र वाटेल. पण विषय मीच मागून घेतला. दुपारी इथे पोचलो तेव्हा फलकावर ‘प्रोग्रेसिव्ह रॉकचा इतिहास’ असं लिहिलेलं वाचून एका पोट्ट्याने मला गाठलं. म्हणाला, “सर, प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामीच ना? मग गाणं इंग्रजी, गाणारे गोरे, अन् त्याले पुरोगामी काहून म्हणायचं?” प्रश्न इतका नेमका आहे की मी घरून तयार करून आणलेली सुरुवात खिशातच ठेवतो आणि इथूनच निघतो.

राजूरसारख्या गावात ‘पुरोगामी’ या शब्दाला वजन आहे. तो उच्चारला की महात्मा फुले आठवतात, बाबासाहेब आठवतात. समाज कुठून कुठे गेला पाहिजे, याचा तो शब्द आहे. इंग्लंडमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी काही बँडना ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणू लागले, तेव्हा समाजाबद्दल कुणी बोलत नव्हतं. गाण्याचा घाट पुढे जातोय, एवढंच म्हणायचं होतं. गाणं लांब होतंय, त्याचे ताल वेगळे होताहेत, चर्चमधलं, सिंफनीतलं, लोकगीतातलं, जॅझमधलं काहीबाही त्यात शिरतंय. आता घाटाची प्रगती आणि माणसाची प्रगती या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो का? माझ्या आजच्या बोलण्याचा खरा विषय तो आहे. इतिहास त्याच्या ओघात येईल.

या प्रश्नावर विसाव्या शतकात सगळ्यात कडक बोलला तो जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो. त्याचा १९४१ चा लोकप्रिय संगीतावरचा एक निबंध आहे. त्याचं म्हणणं असं, की हिट गाण्याचे भाग एकमेकांशी बांधलेलेच नसतात. एक कडवं काढून दुसरं लावा, काही बिघडत नाही. साचा आधीच ठरलेला असतो आणि ऐकणाऱ्याचं ऐकणंही त्या साच्यानेच आधी करून टाकलेलं असतं. याउलट गंभीर संगीतात प्रत्येक तुकड्याला अर्थ येतो तो पूर्ण रचनेतून. अडोर्नो ऑगस्ट १९६९ मध्ये वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किंग क्रिम्झन या बँडचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ हा पहिला अल्बम निघाला आणि पुष्कळ लोक प्रोग्रेसिव्ह रॉकचा जन्म तिथे मानतात. योगायोगच आहे, पण मला तो आवडतो. लोकप्रिय गाण्यात भाग आणि पूर्ण यांचं नातं जुळवायचा एक मोठा प्रयत्न सुरू झाला, आणि तो बघायला हा खडूस माणूस उरला नव्हता. असता तरी नाक मुरडलंच असतं, ते सोडा.

मुळात गाणं ३ मिनिटांचं का होतं? सौंदर्याचा कुठला नियम त्यामागे नाही. ते यंत्राने ठरवलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावत असे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हापासून आपल्याकडचे बडे बडे गवई या ३ मिनिटांच्या पिंजऱ्यात शिरले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. जो माणूस मैफलीत एक राग तासभर मांडायचा, तो तबकडीवर अत्तराच्या फायासारखा येतो आणि जातो. सुंदर आहे, पण ती मैफल नव्हे.

मग १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड काढली, आपण जिला एलपी म्हणतो. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला २० मिनिटांच्या वर वेळ. ही सोय आपल्या संगीताच्या कामी लवकर आली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांच्या सरोदाची एलपी निघाली. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. प्रास्ताविक बोलला होता जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन. म्हणजे एलपीची अख्खी बाजू एकाच रचनेने भरायची, ही गोष्ट रॉकवाल्यांच्या कितीतरी आधी एका भारतीयाने करून ठेवली होती. त्यातूनच रॉकवाले शिकले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे सिंफनी होती, जॅझ होतं. पण साठच्या दशकात रविशंकर आणि अली अकबर यांच्या रेकॉर्डी तिकडच्या तरुणांच्या घरात पोचल्या होत्या, आणि २० मिनिटं एका जागी बसून ऐकता येतं हे त्यांना त्यातूनही कळलं.

नोव्हेंबर १९६७ मध्ये बर्मिंगहॅमच्या मूडी ब्लूज या बँडने ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ काढला. सोबतीला ऑर्केस्ट्रा. अल्बमची कल्पना अशी, की पहाटेपासून रात्रीपर्यंत एक दिवस. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, अशी गाणी ओळीने. तिकडे याचं फार कौतुक झालं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण आपण भैरव पहाटे आणि मालकंस रात्री गातोच. पण त्या देशात लोकप्रिय गाण्याला प्रहर नव्हता. तो त्यांनी आणला.

किंग क्रिम्झनने आणि मूडी ब्लूजने एक वाद्य गाजवलं, त्याबद्दल थोडं सांगतो, कारण ते फार मजेदार आहे. मेलोट्रॉन त्याचं नाव, बनायचं बर्मिंगहॅमला. दिसायला पेटीसारखं, पट्ट्या असलेलं. प्रत्येक पट्टीखाली एक चुंबकीय फीत. पट्टी दाबली की फितीवर आधी रेकॉर्ड केलेला खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर वाजतो. पण फीत ८ सेकंदांची! ८ सेकंदांनी सूर संपला. बोट उचला, फीत मागे जाऊ द्या, पुन्हा दाबा. त्या मर्यादेमुळे वादकाला सूर बदलत राहावं लागे आणि त्यातून एक हलता, धुक्यासारखा नाद तयार झाला. वादकांच्या संघटनेला तिकडे धास्ती वाटली, की हे यंत्र आमची पोटं मारणार. लग्नातल्या बँडवाल्यांना डीजे आला तेव्हा काय वाटलं असेल, ते तुम्ही पाहिलं आहेच. आणि वाद्य परकं म्हणून नाकारायचं म्हटलं तर आपली पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आज पेटीशिवाय इथलं एक भजन होऊ शकतं का, सांगा.

आता तालाकडे या. इथे भजनी मंडळात बसणारे लोक आहेत, त्यांना हे पटकन कळेल. रॉक आणि पॉप हे बहुतेक चार मात्रांत चालतं. आपला केरवा समजा. प्रोग्रेसिव्हवाल्यांना त्याचा कंटाळा आला. जेथ्रो टल या बँडने १९६९ मध्ये ‘लिव्हिंग इन द पास्ट’ हे गाणं ५ मात्रांत बांधलं आणि तरी ते इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ हे गाणं ७ मात्रांत आहे. हातावर मोजून बघा : एक दोन तीन, चार पाच, सहा सात. आपल्या रूपकाच्या मात्रा झाल्या. अर्थात तो रूपक नाही. रूपकात समेवरच खाली येते, तो जो पायाखालची पायरी अर्ध्याने हुकल्यासारखा आनंद आहे, तो त्यांच्याकडे नाही. पण गंमत पुढे आहे. या गाण्यात सॅक्सोफोन ७ मात्रांतच वाजतो, आणि गिटारचा एकट्याचा भाग आला की सगळा बँड ४ मात्रांत उतरतो. रूपकातून केरव्यात आल्यासारखं. अंग एकदम सैल होतं. ऐकणाऱ्याला कारण कळो न कळो, मोकळं झाल्यासारखं वाटतं. अडोर्नोला जे लोकप्रिय गाण्यात सापडलं नव्हतं ते हेच : मागचा भाग असा होता म्हणूनच पुढच्या भागाला अर्थ आला.

हा ‘मनी’ ज्या अल्बमात आहे तो ‘द डार्क साइड ऑफ द मून’. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात मिळून तो ७४१ आठवडे होता. तेव्हा ‘हे संगीत मूठभरांचं’ असं म्हणताना जरा सांभाळून म्हणावं.

१९७२ हे या संगीताचं ऐन भराचं वर्ष. येस या बँडच्या ‘क्लोज टू द एज’चं मुख्य गाणं १८ मिनिटांच्या वर. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ २३ मिनिटांचं, सात तुकड्यांचं. आणि जेथ्रो टलच्या ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये तर एलपीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. त्याच्या कव्हरच्या जागी १२ पानांचं एक खोटं गावठी वर्तमानपत्र छापलं होतं, आणि त्यात बातमी, की हे काव्य एका ८ वर्षांच्या मुलाने लिहिलं आहे! लोकांनी खरं मानलं. टलचा म्होरक्या इयन अँडरसन पुढे सांगत असे, की सगळे बँड भव्य कल्पना घेऊन बसले होते म्हणून आम्ही त्यांची थट्टा केली. थट्टा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मला विचाराल तर या सगळ्या पिढीत मला हाच अल्बम जास्त जवळचा. स्वतःवर हसू शकणारं मोठेपण मला विश्वासाचं वाटतं.

आता जिथे हसू हरवलं, तिथे येतो. हा भाग तत्त्वज्ञानाच्या माणसाने सांगावा असाच आहे. मार्च १९७३ मध्ये येसचा गायक जॉन अँडरसन याच्या हाती परमहंस योगानंदांचं ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ आलं. त्यात एक तळटीप आहे. शास्त्रांचे चार प्रकार : श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. त्या एका तळटिपेवर या माणसाने दोन एलपी, चार बाजू, ८० मिनिटांहून जास्त संगीत उभं केलं. नाव ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. पहिली बाजू श्रुतीची, दुसरी स्मृतीची, तिसरी पुराणाची, चौथी तंत्राची. मी ते पूर्ण ऐकलं आहे, एकापेक्षा जास्त वेळा. काही ठिकाणी खरोखर अंगावर काटा येतो. पण श्रुती आणि स्मृती यांत फरक काय, एकीचं प्रामाण्य दुसरीवर का, त्यावर किती डोकेफोड झाली, स्मृती कुणाच्या पाठीवर वळ उमटवून गेली, यातलं काहीही त्यात नाही. स्मृती म्हटल्यावर तुम्हा-आम्हाला महाडचं १९२७ आठवतं, तिथे जाळली गेलेली मनुस्मृती आठवते. अँडरसनला फक्त एक गोड ‘आठवण’ सुचली. तळटीप वाचून ग्रंथ लिहिला की असं होतं. माझ्या विद्यार्थ्यांनीही असे प्रबंध लिहिले आहेत, पण ते निदान वाजवून दाखवत नसत.

त्यांच्याच बँडमधला कीबोर्डवादक रिक वेकमन याला ते पटलं नव्हतं. एका एलपीला जास्त आणि दोन एलपींना कमी असा हा ऐवज आहे, असं त्याचं मत. मँचेस्टरच्या कार्यक्रमात हा माणूस रंगमंचावर, वाजवायचं काम नसताना, हॉटेलातून मागवलेलं जेवण जेवला. काय जेवला? विंदालू! आपल्या गोव्याचं विंदालू. किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो, त्यामुळे मीठमसाला त्याचा. वर्षभरात त्याने बँड सोडला. शास्त्रांवरच्या त्या अल्बमवर भारताने दिलेला यापेक्षा चांगला अभिप्राय मला माहीत नाही.

आणि आता राजूरशी संबंध असलेली गोष्ट. हा अल्बम जानेवारी १९७४ मध्ये इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. त्याच जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून इंग्लंडमध्ये कारखान्यांना आणि दुकानांना आठवड्यातून फक्त ३ दिवस वीज देण्याचा हुकूम लागू झाला होता. का? कारण कोळसाखाणीच्या कामगारांनी नोव्हेंबरपासून जादा काम बंद केलं होतं. फेब्रुवारीत पूर्ण संप झाला. पंतप्रधान हीथ यांनी निवडणूक घेतली आणि ते हरले. खाली, जमिनीच्या पोटात, माणसं आपल्या वेळेचा दाम मागत होती. वर त्यांच्याच कोळशाच्या विजेवर श्रुती-स्मृती वाजत होत्या. इलेक्ट्रिक गिटारची तार शेवटी कुठे जाऊन टेकते? कोळशाच्या थराला. आपल्याकडे त्याच्या काही महिने आधी, १ मे १९७३ पासून, खासगी कोळसाखाणींचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. ते वर्ष कॉलरीतल्या जुन्या माणसांना सांगायला नको. तेलाचे भाव चढले होते, एलपीचं प्लास्टिकही तेलातूनच येतं, तेव्हा रेकॉर्डींनाही टंचाई लागली. ८० मिनिटांचं संगीत हवेतून येत नाही, मंडळी.

यात खलनायक शोधू नका. जेनेसिसची पोरं चार्टरहाउस या बड्या निवासी शाळेतली, हे खरं. पण हा जॉन अँडरसन लँकेशरच्या अ‍ॅक्रिंग्टन या गिरण्यांच्या गावचा. शेतावर राबलेला, लॉरी चालवलेला, दूध पोचवलेला. कष्टकऱ्याच्या पोराला उपनिषदांची ओढ वाटू नये, असा कायदा नाही. पण झालं असं, की गाणं लांब होता होता गाणाऱ्यांचा ऐकणाऱ्यांशी असलेला दोर सैल झाला. १९७५ मध्ये वेकमनने राजा आर्थरची कथा वेम्ब्लीला बर्फावर स्केटिंगच्या तमाशासह सादर केली. १९७७ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर निघाले आणि पैशात बुडाले. तोवर बेकार, चिडलेल्या पोरांचं पंक आलं होतं. तीन सूर, दोन मिनिटं, शिव्या. त्यांच्यातला जॉनी रॉटन ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ असं लिहिलेला शर्ट घालून हिंडत असे. गंमत अशी, की त्याच १९७७ मध्ये पिंक फ्लॉइडने ‘अ‍ॅनिमल्स’ काढला होता. कुत्री, डुकरं आणि मेंढ्या अशा रूपकातून वर्गसमाजावर लांब लांब गाणी. मघाच्या पोट्ट्याच्या अर्थाने ‘पुरोगामी’ म्हणायचं तर या सगळ्यातला हा अल्बम म्हणता येईल. घाटही पुढचा, म्हणणंही पुढचं. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण आपोआप येत नाहीत, एवढं या दहा वर्षांतून दिसतं. पुढे मॅरिलियन, ड्रीम थिएटर वगैरे मंडळींनी हा घाट जिवंत ठेवला. त्यात मी शिरत नाही.

आता मुंबईला येऊ. आपल्या महाराष्ट्रात या काळात काय चाललं होतं?

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला आला. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वादन ध्वनिमुद्रित झालं, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गाण्याचा मजकूर चिनी ‘ताओ ते चिंग’वरून घेतलेला, आणि तो सुचवला होता केंब्रिजला संस्कृत शिकवणाऱ्या, गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेल्या ख्वान मास्कारो यांनी. संस्कृतचा स्पॅनिश पंडित, चिनी तत्त्वज्ञान, इंग्रज गायक, मुंबईचे वादक. इतकं सगळं अडीच-पावणेतीन मिनिटांत!

मुंबईत स्वतःचे बँडही होते. सिमला नावाच्या सिगरेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरायची. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडच्या दोन एलपी निघाल्या आणि आज परदेशातले शौकीन त्यांना जपून ठेवतात. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा मुंबईचा बँड, त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही एलपी २०११ मध्ये अमेरिकेत पुन्हा काढली गेली. ही मुलं हुशार होती. परदेशी गिटारवर जबर आयात कर, म्हणून स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर इथल्याच कारागिरांकडून बनवून घ्यायची. पण भाषा इंग्रजी, ऐकणारे दक्षिण मुंबईचे आणि कॉलेजांचे. गिरणगाव दोन स्टेशनं पलीकडे होतं, तिथे शाहिरांचे पोवाडे चालू होते, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

एका माणसाने ती गाठ घातली. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्याच घरात वाढलेला. हा वेल्वेट फॉग, सॅव्हेजेस अशा मुंबईच्या बँडमधून इंग्रजी रॉक गायचा. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत केला, त्यात जूडास नंदूने केला. हा ऑपेरा मुळात १९७० मध्ये अल्बम म्हणूनच आला होता. एक कथा, सलग गाणी, रॉक बँड आणि ऑर्केस्ट्रा एकत्र. प्रोग्रेसिव्ह रॉकचा चुलतभाऊच म्हणा. आणि १९७८ मध्ये हाच नंदू पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश झाला. ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’चं हे पु. ल. देशपांड्यांनी केलेलं मराठी रूप, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात नाट्यसंगीत आहे, लावणी आहे आणि पाश्चात्त्य पॉप-रॉकही आहे. चोर, पोलीस, भिकाऱ्यांचा धंदा करणारा शेठ, अशी सगळी दुनिया, आणि ज्याचा-त्याचा सूर वेगळा. रॉकचा गळा तिथे मराठी शब्दांवर आला, आणि तो नक्कल म्हणून आला नाही, पात्राची गरज म्हणून आला.

याच संस्थेच्या मंडळींनी त्याआधी, १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं होतं. तेंडुलकरांचं नाटक, संगीत भास्कर चंदावरकरांचं. चंदावरकर रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. माणसांचीच भिंत, ती गाते, नाचते, फुटते, पुन्हा जुळते. कीर्तन, दशावतार, खेळे, लावणी, सगळं एकात एक, आणि हा गोडवा चाललेला असतानाच सत्ता माणसाला कशी चिरडते ते दिसतं. तारखा शेजारी ठेवा. ‘क्लोज टू द एज’ १९७२, ‘घाशीराम’ १९७२. इंग्लंडमध्ये जे काम गिटारवाल्यांनी केलं, म्हणजे लोकांच्या छोट्या गाण्यांना धरून एक लांब, बांधीव, विचाराची रचना करायची, ते काम महाराष्ट्रात बँडनी केलं नाही. ते नाटकवाल्यांनी केलं. म्हणून ‘मराठीत प्रोग्रेसिव्ह रॉक का झालं नाही’ या प्रश्नाला माझं उत्तर असं, की झालं, फक्त तिकीट नाट्यगृहाचं होतं. माझे संगीतवाले मित्र यावर माझ्याशी भांडतात. नाटकातलं संगीत शब्दांच्या आधाराने उभं राहतं, रॉक एकट्याच्या पायावर, असं ते म्हणतात. मुद्दा चुकीचा नाही. पण ‘घाशीराम’मधून संगीत काढून बघा, नाटक उरतं का?

नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. त्यांच्यानंतर ती वाट रुळली असं म्हणवत नाही. श्रोते मात्र तयार झाले. २००७ मध्ये रॉजर वॉटर्सने मुंबईत ‘डार्क साइड’ पूर्ण वाजवला. २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत पॉर्क्युपाइन ट्री हा बँड येऊन गेला. कोशिश या मुंबईच्या बँडने २०१३ मध्ये ‘फिरदौस’ हा हिंदीतला अल्बम काढला, सगळी गाणी एका कल्पनेत ओवलेली. मराठीत असं काही पाहिजे, असं मला वाटतं.

लांब ऐकणं ही रिकामटेकड्या श्रीमंतांची चैन आहे, हे मला मान्य नाही. आपल्या विदर्भात खडी गंमत आणि दंडार रात्रभर कुणी बघितली? दिवसभर शेतात राबलेल्यांनी. गोंधळ रात्रभर कुणाच्या अंगणात चालतो? आंबेडकरी जलसे, कव्वालीचे मुकाबले, वामनदादा कर्डकांसारख्यांचे कार्यक्रम पहाटेपर्यंत ऐकणारे लोक सकाळी कामावर जाणारेच होते. कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंग येईपर्यंत बसून राहणारी म्हातारी निरक्षर असायची, आणि पूर्वरंगातला सिद्धांत उत्तररंगातल्या आख्यानात कुठे जुळला, हे तिला बरोबर कळायचं. अडोर्नोला ही म्हातारी भेटायला हवी होती.

आज फोनवर गाणं ३० सेकंदांचं झालं आहे. ७८ च्या तबकडीने निदान ३ मिनिटं दिली होती. तेव्हाही यंत्राने ठरवलं, आताही यंत्रच ठरवतंय, फरक एवढाच की तेव्हा जास्त मावत नव्हतं म्हणून कापायचे, आता हवं तेवढं मावतं तरी कापतात. इथल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे दोघे-तिघे समोर बसले आहेत. त्यांना मी दुपारी विचारलं, तुमच्या कीबोर्डमध्ये मेलोट्रॉनचा आवाज आहे का? होता! नाव वेगळं, पण तोच धुक्यासारखा आवाज. ८ सेकंदांची अटही आता नाही. बोट ठेवा तितका वेळ सूर चालेल. भीमगीताच्या आधी तो वाजवून बघा, ७ मात्रांत.

बोलणं पुरे. संयोजकांनी चांगले स्पीकर मिळवले आहेत, तर आता आपण एलपीची एक पूर्ण बाजू ऐकू. पिंक फ्लॉइड, १९७१, ‘एकोज’. २३ मिनिटं. सुरुवातीला पियानोचा एकच सूर येईल, विहिरीत थेंब पडल्यासारखा. मध्ये बराच वेळ गाणं नाही, वाऱ्यासारखे आणि कावळ्यांसारखे आवाज आहेत. स्पीकर बिघडला असं समजून कुणी उठू नका. त्यानंतर जे परत येतं, ते आधी कुठे ऐकलं होतं, एवढं आठवत राहा. प्रश्नोत्तरं मग घेऊ. मागचे दिवे तेवढे बंद करा. हं, लावा.